अर्थिंग

वडशाच्या मंडळाची पाटी उतरली त्या हिवाळ्यात
हेमराज नाकाड्यांनी गोदामाचं शटर अर्धंच वर केलं.
वाकून ये, म्हणाले.
आत गुंडाळलेले पडदे, राजवाड्याचा एक खांब, लाकडी बंदुका
आणि कोपऱ्यात पोत्याखाली तो:
बेसचा अ‍ॅम्प, पंधरा इंची स्पीकर,
अंगावर पांढऱ्या पेंटनं 'नाट्य मंडळ', त्यातला 'ट्य' खरचटलेला.
चार हजार.
मी बटण फिरवलं, वाळूत पाय घासल्यासारखं वाजलं.
सव्वीसशे, म्हणालो. वायरीसकट.
"वायर तं लागतेच नं बापा, थे घेऊनच जा."
नोटा त्यांनी मोजल्या नाहीत.

कंडक्टरनं विचारलं, टीव्ही हाय का?
हो म्हणालो. सोपं पडतं.

घरी मागची फळी खोलली तर उंदरानं घर केलेलं,
सगळं तिकिटांच्या कपट्यांचं.
खुर्ची, खुर्ची, गादी, खुर्ची.
एकच तिकीट शाबूत: जमीन, रुपये वीस.
ते परत आत ठेवून फळी कसली.
का, ते मलाही सांगता येणार नाही.

लावला की हा घुमतो, गिटारला हात लागायच्या आधीच.
तारांवर बोट ठेवलं की गप्प,
उचललं की पुन्हा घुंईऽऽ
मी आयटीआय वायरमन, राइस मिलच्या मोटारी बांधतो.
मला कळतं: या घराला अर्थ लागत नाही.
सॉकेटला तिसरं भोक आहे, त्यामागे नुसती भिंत.

म्हणून अंगणात कंबरभर खड्डा खणला.
तांब्याची पट्टी, घमेलंभर कोळसा, दोन पायल्या खडं मीठ.
कुंपणावरून कुंदाबाई मेश्राम:
"कोणाले गाडून राह्यलास बाबू?"
तेव्हापासून रोज सांजेला तिथं बादलीभर पाणी घालतो.
उगवत काही नाही.
पाणी पडलं त्या रात्री घुंई जवळजवळ नसते,
चैतात तिच्यावरून समजतं
जमीन कुठवर सुकली.

शेतातले पंप बंद होईस्तोवर व्होल्टेज एकशे सत्तर,
म्हणून आठाच्या आधी वाजवत नाही.
सगळ्यात जाड तार सोडली की
मांडणीवरचा एकच गंज बोलतो, बाकीचे नाही.
चित्ररेखानं त्यात तूरडाळ भरली.
महिनाअखेरीस तो पुन्हा बोलायला लागतो.

मंडईच्या रात्री नाटक अकराला उभं राहिलं.
पोस्टरवर ऑर्गनवाल्याचं नाव, तबलेवाल्याचं,
मग 'व इतर'. तो मी.
तंबूच्या खुंट्याशेजारी सळई ठोकली, बाटलीभर पाणी ओतलं.
दुसऱ्या अंकात गोवर्धन दोनाडकर जिना उतरतो,
चार पायऱ्या, चार सूर, माझे.
तिसरीवर फ्यूज उडाला.
तो एक पाय उचलून तसाच उभा.
लोकांना वाटलं अ‍ॅक्टिंग, टाळ्या पडल्या.
विंगेत येऊन त्यानं माझी कॉलर धरली:
"पायरी कोठं नेलीस बे?"
चहापुड्याच्या चांदीत फ्यूज गुंडाळून बसवला.
वायरमननं हे करू नये.
केलं.

पहाटे वायरी गुंडाळताना पाहिलं,
खुर्च्या रिकाम्या होत गेल्या तरी
समोर धानाच्या तणसावर एक माणूस बसलेला,
चपला मांडीखाली.
नाकाडे.
"खुर्ची नाही घेतली?"
"जमिनीवरून बरा आयकू येते. बुडाले."
उठून त्यांनी अ‍ॅम्पच्या पाठीवर हात ठेवला.
ती अजून गरम होती.
"घुमत नाही आता?"
"पाणी घालतो," मी म्हणालो.
त्यांनी मान हलवली, जनावराबद्दल बोलावं तशी,
मग वाकून पाहिलं.
"वायर थेच हाय नं?"
"थेच."