चालून दाखवा

परळच्या त्या कार्यशाळेत
फिलोमिना डाबरे म्हणाल्या, "चालून दाखवा,"
आणि सत्तावन्नाव्या वर्षी मी एकदम एकोणीसची झाले:
ठाकुरद्वारची खोली, पोह्यांच्या बशा ठेवून
दारापासून खिडकीपर्यंत.
आत्याने कानात सांगून ठेवलेलं, हळू चाल,
निऱ्या जमिनीला टेकू देत,
हळू चाललं की कळत नाही.

कळलं. चार घरांना कळलं.
पाचव्याला पोह्यांतलं खोबरं खवट लागलं असावं,
तो बशीतच बघत राहिला.
त्याच्याशी लग्न झालं.

मग माझ्या कलण्याशी गावाने जमवून घेतलं.
रमजानभाई टेलर न विचारता
परकराची डावी बाजू अर्धा इंच उचलून शिवायचे,
ब्लाउजच्या उजव्या खांद्यात एक चिंधी जास्त.
नाक्यावरचा भानुदास चपला उलट्या धरून
हात बघावा तशा बघायचा.
"डावी टाच आतून खाते, ताई,"
आणि नेमका तिथेच टायरचा तुकडा ठोकायचा.
तीस वर्षं. त्याचं निदान
एक्स-रेच्या आधीचं, आणि दोन रुपयांत.

डाबरेबाईंनी फोमच्या गुलाबी पेटीत पाय दाबायला लावला.
उजव्याचा ठसा बरा आला, टाच, कमान, बोटं.
डाव्याची नुसती भाकरी.
माप ओलांडून आत आले तेव्हा
कुंकवाच्या पाण्यातून असाच उठला होता,
सासूबाईंनी पायपुसणं सरकवलं होतं त्याच्यावर.
इथे बाईंनी पेन्सिलीने त्याच्याभोवती रेघ ओढली,
तारीख घातली.
मग गुडघा, कंबर, खांदे, मान,
पुन्हा चाला, आता उलट्या बाजूने.
इतकं निरखून आणि नकार न देता
मला कोणी बघितलं नव्हतं.

"हाड सरळ होणार नाही हं," त्या म्हणाल्या.
"चाल थोडी बदलेल. दुखणं कुणाचं कमी होतं,
कुणाचं नाही."
हातात कॉर्कचा तुकडा, वर काळं रबर,
आतल्या कडेला आंब्याच्या कोयीएवढा उंचवटा.
एवढ्यासाठी चार खेपा, बावीसशे रुपये.

पहिला आठवडा पोटऱ्या भांडल्या
पागडीच्या भाडेकरूंसारख्या:
आम्ही इतकी वर्षं इथे, आणि आम्हाला न विचारता?
उजवी कंबर रुसून बसली.
दोनदा काढून पिशवीत टाकला, दोनदा परत घातला.
तिसऱ्या आठवड्यात भायखळ्याच्या मंडईतून
दोन्ही हातांत भाजी घेऊन पुलाच्या पायऱ्या चढले,
वर गेल्यावर लक्षात आलं,
गुडघा काहीच बोलला नाही.
आणि पावलांचा आवाज. आधी टक, फस्स, टक, फस्स.
आता टक आणि टक. जवळजवळ.

पण दारात बूट काढावे लागतात.
उंबऱ्याच्या बाहेर मी सरळ, आत पाऊल टाकलं की वाकडी.
माझा सरळपणा रॅकवर,
नातवाच्या सँडलशेजारी, मोज्यांच्या वासात.
ओट्यापाशी उभी राहिले की डावा कूस खचतो,
आणि दिवसाचे सात तास तर मी ओट्यापाशीच.
डाबरेबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या,
"घरातल्या सपाता वेगळ्या करून घ्या," म्हणाल्या,
वसईला त्यांच्या आईलाही सांगून थकल्यात.

काल रात्री झोप येईना.
उठले, बूट आत आणले, पुसले,
नाड्या बांधल्या.
देवघरातला लाल बल्ब तेवढा चालू.
निऱ्या नाहीत, गाऊन, घोटे उघडे.
दारापासून खिडकीपर्यंत अकरा लाद्या,
आणि मी हळू चालले नाही.

पाचव्या लादीवर तो जागा झाला.
"बघ," मी म्हटलं.
उशीवरून मान उचलून
चष्म्याशिवाय बघत राहिला, पायांकडेच.
"कुमुद, बूट? घरात?"

मी खिडकीपाशी वळले आणि परत आले.