पन्नास नमुने

सांगलीच्या कॉलेजात तिसऱ्या सत्राला
मुलाणी सरांनी फळ्यावर लिहिलं:
पन्नास नमुने. टाचणीला टोचून, पंख पसरून,
खाली चिठ्ठी: नाव, गाव, तारीख, कुठल्या पिकावर.
दहा गुण.

तासगावात आमच्या घरी आई अजून पाणी गाळते.
नळाचंच पाणी आता, तरी फडक्यात जे राहील ते
परसातल्या आडात परत सोडते, हळू, धार न पाडता.
दिवेलागणीआधी ताटं उचलते.
आणि त्याच घराच्या पुढच्या गाळ्यात
अण्णांचं दुकान, मगदूम कृषी सेवा केंद्र.
लाल त्रिकोण, पिवळा त्रिकोण, निळा, हिरवा.
रंग मी तिथंच शिकले, बालवाडीच्या आधी.

मारायची बाटली मिळाली. तळाशी कापूस, घट्ट बूच.
मी बूच काढलंच नाही.
पहाटे स्टँडमागच्या हायमास्टखाली जायची,
झाडूवाली यायच्या आत, कंपासपेटी घेऊन.
हुमणीचे भुंगेरे, पाकोळ्या,
मुंग्यांनी अर्धा नेलेला नाकतोडा,
एसटीच्या काचेवरून खरवडलेलं काहीतरी हिरवं.

सरांनी भिंग लावलं. बराच वेळ लावलं.
“हे सगळे आपापल्या मरणानं गेलेत वाटतं?”
“होय सर.”
“मिशा तुटल्यात. दोन गुण कमी.”
आणि वहीच्या कडेला पेन्सिलीनं,
मार्काच्या रकान्यात मावेना म्हणून वाकडं:
आता जिवंत मोजायला या.

मग बागेत. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकायचा,
पळणारे फुलकिडे मोजायचे, पुढची वेल.
पंचवीसाव्या वेलीला आकडे डोळ्यांत चावायला लागतात.
आर्थिक नुकसानीची पातळी, सर म्हणाले,
तिच्या खाली असतील तर पंपाला हात लावायचा नाही.
किती सोसायचं यालाही आकडा असतो
हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं,
ना आईनं, ना अण्णांनी.

ट्रायकोकार्डाची पट्टी मी आईला दाखवली.
टाचणीच्या टोकाएवढी माशी,
उसाच्या किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते.
“म्हणजे मारणं दुसऱ्याच्या हातून.”
“तिचं जेवण आहे ते, आई.”
“बरं. मग दुकानात आहे त्यातलं
कोण जेवतं?”
अण्णा भाकरी मोडत होते. मोडतच राहिले.

रविवारी बोरगावचा एक पोरगा आला,
प्लॅस्टिकच्या पिशवीत द्राक्षाचं पान. “पिठ्या ढेकूण. जालीम द्या काहीतरी.”
मी पान उलटं केलं.
दोन पांढरे, दोघांच्याही अंगावर कापूस,
एक जागचा हलेना, दुसरा त्याच्यात तोंड खुपसून.
“हा आपला आहे,” मी म्हटलं. “ढालकिड्याची अळी.
मारायच्या नादात हाच आधी मरतो.
बागेत असे किती दिसले, मोजलं का?”
तो अण्णांकडं बघायला लागला.
अण्णा मांडणीकडं, पुढच्या महिन्यात मुदत संपणाऱ्या खोक्याकडं.
“पोरगी म्हणतीय तर थांब आठ दिस,” म्हणाले,
आणि तो पायरी उतरताना जरा मोठ्यानं,
“पण आठ दिसांनी इकडंच ये, काय?”

रात्री शटर अर्धं ओढलेलं.
ट्यूबलाइटवर एक पाखरू येऊन बसलं,
राखाडी, पंखावर शाईचा शिंतोडा पडल्यासारखं.
अण्णांनी खाकरून विचारलं,
“हे कोण?”
वीस वर्षं किडीचं औषध विकलेला माणूस,
पहिल्यांदाच नाव विचारत होता.
मला येत नव्हतं.
पन्नासात नव्हतं ते.
अण्णांनी ट्यूब बंद केली, मग शटर वर ढकललं,
आणि आम्ही दोघं अंधारात थांबलो
ते बाहेर जाईपर्यंत.