खांड

उघाडीच्या कठड्यावर बसून
मी हाशाकाकाला पॅलेडियम समजावते.
एक धातू आहे, चांदीच्या रंगाचा.
त्याचा एक घन एवढासा, की
तुझ्या तळहाताच्या एका भेगेत भरायला घेतले
तर अलिबाग तालुक्यातली माणसं मोजून संपतील,
घन संपणार नाहीत.
काका तळहात बघतो. चिखल झटकतो.

त्या घनाभोवती हायड्रोजन सोडायचा.
हवेहून हलका, जोडीजोडीनं हिंडणारा.
धातूला टेकला की जोडी फुटते
आणि एकेकटा अणू आत शिरतो,
धातूच्या अणूंमधल्या मोकळ्या जागांत,
जशी, जशी
'चिंबोरी बांधान,' काका म्हणतो.
हो. फक्त ही बिळं कुणी पाडलेली नसतात.

आधी काहीच दिसत नाही.
तुरळक अणू, कुठे कुठे.
दाब वाढवत राहायचा. धातू तसाच, हट्टी.
मग एका दाबाला
घन भरत सुटतो, फुगतो,
दहा घरांची वाडी जागच्या जागी अकराची व्हावी
तेवढा.
तीन वर्षं मी काळोख्या खोलीत
हा एकच क्षण धरायला बसलेय:
पाणी पहिल्यांदा कुठून आत येतं?

हायड्रोजन म्हणायचं होतं. पाणी म्हणाले.

काका हसत नाही.
ज्या उधाणाला आमचं तेरा एकर खारं झालं
त्या रात्री तो बांधावर होता, एकटा.
'बाय, खांड नेमी कोपऱ्यानशीच परते.
सरल बांधाला पानी नुसता टेकतं.
कोपऱ्याला दोन बाजूशी चावतं.'

माझ्याकडे चाळीस चित्रं आहेत.
चाळिसांतही घनाच्या कोपऱ्याला
एक उजळ ठिपका.
कॅमेऱ्याची चूक समजून
मी तो पुसत आले.

बराच वेळ कुणी बोलत नाही.
खारफुटीत एक बगळा पाय बदलतो.

'आन् जाताना?'
जाताना तसा सहज जात नाही, काका.
ज्या दाबाला आला त्या दाबाला तर नाहीच,
दाब पार खाली उतरवावा लागतो
तेव्हा कुठे सोडतो.
'म्हन्जे ओहोटी झाली तरी खार ऱ्हाते.'
राहते.
तीन पावसाळे धुतलं होतं आम्ही ते तेरा एकर.
चौथ्या साली भात आलं, गुडघ्याएवढं.

मोठा तुकडा असेल तर
भरून-रिकामा होऊन आतून तडकतो, मी सांगते.
लहान असेल तर बहुतेक वेळा सावरतो,
पुन्हा होता तसा.
काका बांधाकडे बघतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
'आनि आपला केवरा?'

खाली उघाडीची फळी
खाडीच्या रेट्यानं आपोआप मिटते.
आज अमावस्या.
तो उठतो, चिखलाची ढेप खांद्यावर घेतो
आणि वळणाकडे चालू लागतो,
जिथे बांध दक्षिणेला मुडपतो.
मी मागून मोबाइलचा टॉर्च धरते.

कोपरा.
अजून कोरडा आहे.