हातचा

जेवणाच्या टेबलावर क्लॅरीने ताटल्या बाजूला सारल्या
आणि मेंढ्यांची गणती करावी तसा
हिशेबाला बसला.
उजव्या हाताला शोरूमचा गुळगुळीत कागद,
डावीकडे माझी वही,
गाडीच्या खणात राहून डिझेलचा वास लागलेली.
सत्त्याण्णव सालापासूनची प्रत्येक टाकी, प्रत्येक लिटर,
पेन्सिलीने, माझ्या अक्षरात.
क्विल्पीच्या उन्हात शाई टिकत नाही.

जुनी पॅट्रोल शंभराला चौदा पिते.
"पिते" हा शब्द त्याचा.
धाकट्या भावाबद्दल बोलतानाही त्याचा आवाज असाच होतो.
नवी म्हणे नऊ.
शंभरामागे पाच वाचले,
वर्षाला वीस हजार किलोमीटर धरले,
म्हणजे हजार लिटर, म्हणजे दोन हजार डॉलर.
आणि जुनी देऊन वर भरायचे
सेहेचाळीस हजार.

भागाकार त्याने दोनदा केला.
तेवीस वर्षं.
"आज मी अडुसष्ट," तो म्हणाला,
"म्हणजे एक्क्याऐंशीव्या वर्षी पैसे वसूल."
हातचा विसरलास, मी म्हटलं.
आठ नि तीन अकरा, अकराचा एक, हातचा एक.
एक्क्याण्णव.
केकवर तसं लिहून घेऊ:
आजपासून आपण फायद्यात.

तो हसला नाही.
म्हणून मीही जरा नेटाने बोलले.
हे नऊ कुठल्या रस्त्यावरचे?
त्या रस्त्यावर समोरून वारा येतो का?
पुढे कांगारूंसाठी लोखंडी दांडा लाव, वर टपावर दोन चाकं,
मागे पाण्याची टाकी,
मग बघू नऊचे किती होतात ते.
तो डार्सी, टाय लावून गाड्या विकणारा पोरगा,
त्याने डांबर सोडून चाक कधी खाली घातलंय?
आणि धुराच्या नळीतली ती नवी जाळी,
ती तुंबली की थारगोमिंडाच्या अलीकडे
तुला कोण भेटणार आहे?
आपली म्हातारी गढूळ डिझेलवरही खोकत का होईना, घरी आणते.

क्लॅरी ऐकत होता, वही चाळत होता.
एकोणीस पूर्णांक दोन: पुरात नॉर्टनचा ट्रेलर ओढला तेव्हाचे.
सोळा, सोळा, साडेपंधरा: दुष्काळ, चाऱ्याच्या खेपा.
मग एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.
दहा पूर्णांक नऊ.
तेवढं कमी पुन्हा कधीच नाही.
"मागून वारा होता," तो म्हणाला.

वारा नव्हता.
टुवूम्बाच्या इस्पितळातून माझ्या पोटावर
सतरा टाके घेऊन आम्ही निघालो होतो,
आठशे किलोमीटर, दोन दिवस,
आणि हा माणूस, ज्याला शंभराच्या खाली झोप येते,
साठाच्या वर गेला नाही.
मागे ट्रकवाले भोंगे वाजवत होते.
मिचेलला मुक्काम केला तेव्हा
त्याचा उजवा पाय सुजला होता,
इतका वेळ तो पेडलवर नुसता टेकवून ठेवलेला.
हे वहीत नाही.
वहीत फक्त आकडा आहे.

मग तो फिल्टरचं झाकण नीट बसलंय का बघायला
बाहेर गेला. ते नीटच बसलेलं असतं.
मी कागद ओढून घेतला.
नऊच्या आकड्याला पेन्सिल लागलेलीसुद्धा नव्हती.
खाली, बारीक अक्षरांत, सामानाच्या यादीत
एका ओळीभोवती गोल होता,
दोनदा काढलेला:
दार उघडताच आपोआप खाली येणारी पायरी.

माझा डावा खुबा गेल्या हिवाळ्यापासून रुसलाय.
पॅट्रोलमध्ये चढायला
मी दुधाचा क्रेट उलटा ठेवते.
मी चढले की तो क्रेट मागे टाकतो,
उतरताना पुन्हा काढतो,
प्रत्येक फाटकाशी, प्रत्येक दुकानाशी,
आणि त्याबद्दल आजवर एक शब्द नाही.

तो आत आला, हात पुसत.
"तू म्हणतेस ते बरोबर," म्हणाला, "हिशेब बसत नाही."
नाहीच बसत, मी म्हटलं,
आणि वहीचं कोरं पान काढलं.
पेन्सिलीला जरा टोक काढ.