तिसरा हात

भिंत आधी ऐकून घ्यावी लागते.
बोटाच्या पेरानं ठोकली की
पोकळ बोलते तिथं गिलावा सुटलेला,
काहीच बोलत नाही तिथं ओल.
हे मला नवऱ्यानं शिकवलं,
परांचीवरून पडून तो कंबरेतून गेला त्याच्या आधी.
आता ब्रश माझा, शिडी माझी,
आणि मजुरी ठरवताना लोकांचा जो आवाज
थोडा खाली येतो, तोही माझ्याच वाट्याचा.

पिंपळखुटीत बेबीनंदा काळबांडेचं घर.
पोराची सोयरीक जमलेली, पाहुणे आठ दिवसांवर,
आणि वर नवतपा.
दहाच्या पुढं रंग भिंतीला लागायच्या आत
ब्रशातच मरतो.

चुलीमागची भिंत नखानं ओढली तर डांबर.
सोड्याचं कोमट पाणी, नारळाची शेंडी,
आणि धुवायचं खालून वर.
वरून खाली धुतलं तर ओघळ कोरड्या भिंतीत मुरतात,
मग ते कोणाच्या बापाला निघत नाहीत.

न्हाणीकडच्या भिंतीला लोणा.
जिभेला लावून पाहिला : खारट.
त्याला पाणी दाखवायचं नाही, कोरड्या खराट्यानं झाडायचा,
दोन दिवस थांबायचं, पुन्हा झाडायचा.
तो पुन्हा येणार आहे, हे घरवाल्यांना आधीच सांगायचं.

मागचं दार नव्या जस्ती पत्र्याचं.
नवा पत्रा रंग धरत नाही, पापुद्रा सोडतो.
खरं तर एक पावसाळा त्याला बाहेर भिजू द्यावा,
पण पाहुणे पावसाळ्याची वाट पाहत नाहीत.
चिंचेच्या कोळानं घासून ठेवला.

आणि ओसरीत, खाटेच्या उशाला,
जमिनीपासून दीड हातावर
डाग.
डोक्याच्या तेलाचा, परातीएवढा,
मधे काळा, कडेला पिवळा होत गेलेला.
तेल चुन्यातून वर येतं,
डिस्टेंपरमधून वर येतं,
पाच हात मारा, सहाव्या महिन्यात हजर.

'याचं काय करू?' मी हळूच विचारलं.
माणूस गेलेला असला की
अशा जागेला काही बाया हात लावू देत नाहीत.
हिंगणघाटला एकीनं डागाभोवती
तांबडी चौकट काढून घेतली होती माझ्याकडून,
वर हार टांगायला खिळासुद्धा.

बेबीनंदा तुरीची डाळ पाखडत होती. सूप थांबलं नाही.
'बावीस वर्सं थो तिथंच टेकून होता बाई.
पानी दे, तमाखू दे, पैसे दे.
मी वावरातून आलो का तेच डोस्कं, तेच भिताड.
सोडा लावून पायला. राख लावून पायली.
थो गेला तवा सारे रडत होते,
मी भिताडाकडं पायत होतो.
म्हनलं, हा तं राह्यलाच इथं.'

मी पिशवीतून बाटली काढली.
लाखदाणा, गोंदियाकडचा,
रात्रभर स्पिरिटात भिजवलेला, मधासारखा.
'याचे दोन हात मारतो. माह्या जन्मात वर येनार नाई.'

सूप थांबलं.
'तुह्या जन्माचं नोको सांगू. माह्या जन्माचं सांग.'
मग म्हणाली, 'तीन मार.'

दोन मारले. मधे अर्धा-अर्धा तास.
ओसरीत स्पिरिटाचा वास, शेजारची कोंबडी येऊन परत गेली.
तिसऱ्याला ती उठली, लुगड्याला हात पुसले,
'दे इकडं.'

ब्रश कसा धरायचा तिला ठाऊक नव्हतं.
खराट्यासारखा धरला.
आडवा, उभा, पुन्हा आडवा,
डागाच्या बाहेर वीतभर, आणखी वीतभर,
उशापासून पार दाराच्या चौकटीपर्यंत,
जिथं डाग कधीच नव्हता.

तिरप्या उन्हात ते फटकारे वरच्या रंगातूनही दिसतील,
पॉलिश पेपर लावून सपाट करायला हवे होते.
मी काही बोलले नाही.
मागच्या दाराशी जाऊन
पत्र्यावर बोट फिरवून पाहिलं.
अजून निसरडाच होता.