पारी

कॉलेजच्या मागच्या खोलीत, जिथं
मोडकी बाकं आणि एनसीसीचे ढोल पडून असायचे,
तिथं आता अकरा मशीन आहेत, एक कूलर,
आणि रात्री आठपासून मी.
तुळशीदास पुस्तोडे, लॅब अटेंडंट.
हुद्दा तोच. परीक्षानळ्या सकाळी धुतो.

गजभिये मॅडमनी पहिल्या दिवशी
फळ्यावर काहीच काढलं नाही. म्हणाल्या,
रोवणीत परे कसे टाकता?
मी म्हटलं, पेंढ्या करून, बांधीभर, लांब लांब,
म्हणजे वाकलेल्या बाईला मागं वळावं लागत नाही,
पेंढी हाताशी असते.
तसंच, म्हणाल्या. बांधी फक्त मोठी आहे.

मग कागद. दोन महिने नुसते कागद.
आम्ही आम्हीच आहोत, याचं सर्टिफिकेट हवं होतं.
ते देणाऱ्या माणसाला मी व्हिडिओवर
आधार कार्ड उलटंसुलटं करून दाखवलं.
तो हसला नाही.
एका वर्षापुरता विश्वास ठेवला, तारखेसकट.

आता कामं येतात.
तैपेईहून, क्राकोवहून, चिलीतल्या एका डोंगरावरून,
ज्याचं नाव माझ्या वहीत तीन प्रकारे लिहिलेलं आहे.
आत काय असतं, मला दिसत नाही.
ताऱ्याचा उजेड असेल, तापाचा जंतू असेल.
मला दिसतो टक्का, आणि खोलीचं तापमान.
मे महिन्यात वाळ्याच्या ताट्या दर तासाला भिजवतो.
कोणाच्या तरी विश्वाला घाम येऊ नये म्हणून
साकोलीत मी बादली वाहतो.

एकवीस तारखेला पहाटे तीन बाराला
डीपीवर वानर चढलं.
सत्त्याण्णव टक्के झालं होतं.
गेलं.

सकाळी रीगाहून पत्र, इल्झे नावाच्या बाईचं.
तुमच्या ठिकाणी तीन बाराला काय घडलं?
राग नव्हता, रकाना भरायचा होता.
यादीत कारणं होती: डिस्क, मेमरी, नेटवर्क, इतर.
मी 'इतर' निवडलं आणि पुढं लिहिलं, वानर.
मॅडमनी माझं इंग्रजी तपासलं,
वानराला हात लावला नाही.

दुपारी उत्तर आलं. तो तुकडा रात्रीच,
मिनिटभरात, दुसऱ्या कोणी उचलला होता,
बहुतेक ब्राझीलनं. काम थांबलं नव्हतं.
खाली एकच ओळ वेगळी:
वानर कसं आहे?

मी डीपीपर्यंत जाऊन आलो.
खाली काही नव्हतं. चिंचेवर सगळे बसलेले,
त्यातलं कोणतं, ते कळेना.
ठीक आहे, असं लिहून टाकलं.

मार्चमध्ये त्या लोकांचा निबंध छापून आला.
पहिली चार पानं नुसती नावं.
शेवटी, आभारांच्या बारीक अक्षरांत,
ठिकाणांची यादी, आणि तिच्यात आमची साकोली
'साकुली' झालेली.
कळवायला हवं होतं. राहून गेलं.

बाबा तलावाचे पाणकर होते.
रात्ररात्र तुडुमाजवळ, कंदील घेऊन,
चांदणी किती सरकली ते पाहून पाट फिरवायचे.
ज्याच्या घरी सात वर्षं पाय ठेवला नव्हता
त्याच्याही बांधीत पाणी तेवढंच सोडायचे.
'पानी कोनाचा नसते,' म्हणायचे,
'पारी कोनाची रायते.'

एका रात्री त्यांना खोलीत आणलं.
चप्पल बाहेर काढली त्यांनी. मी नको म्हटलं तरी.
मशीनवर हात ठेवला,
गाभण म्हशीच्या कुशीवर ठेवतात तसा,
आणि बराच वेळ ठेवला.
'आता कोनाची पारी हाय?'
मी पडद्यावर पाहिलं. क्राकोवची, म्हटलं.
'कोठी आला तो?'
लांब आहे. बर्फ पडतो तिकडे.
'लांबचा गाव हाय,' म्हणाले. 'पानी पुराले पायजे.'

आणि निघताना
कूलरची टाकी वाकून पाहिली.