हिचं व्हायचंय

सकाळीच बेनिग्नोनं केरसुणीच्या दांड्यानं
ओसरीच्या कोपऱ्यातलं जाळं पाडलं.
सेफेरिनाबाई काही बोलल्या नाहीत.
दांड्याला चिकटलेला राखाडी गुंता
बोटांनी सोडवायला घेतला,
आणि सोडवता सोडवता दिला सोडून.

पाराग्वेतल्या इताउग्वात, शनिवारी,
मुलं येतात तांबड्या मातीचे पाय पायरीवर झटकत.
लाकडी चौकटीत ताणलेलं कापड,
त्यावर पेन्सिलीचं वर्तुळ,
वर्तुळात दोरे, मधून काठाकडे, काठाकडून मध्ये,
सायकलच्या चाकात तारा भरतात तसे.

"ही न्यांदुती. न्यांदू म्हणजे कोळी."
"मग न्यांदू ग्वासू?"
"तो पळणारा पक्षी, उंच मानेचा."
"म्हणजे मोठ्ठा कोळी!" अरासी हसत सुटते,
कापडाच्या कडेला आठ पायांचा पक्षी काढते.

सुईत दोरा ओवता ओवता गोष्ट:
एका पोराला रानात, झाडाच्या शेंड्याशी
दिसलं जाळं, दवानं जड झालेलं.
एका मुलीला द्यावं म्हणून हात लावला,
तर बोटांना नुसता ओलावा.
घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून निजला.
मग आई गेली त्या झाडाखाली,
कोळ्याची ये-जा बघत बसली,
आणि आपले पांढरे केस उपटून
विणलं तसंच्या तसं.

"सगळे केस?"
"लागले तेवढे."
"मग ती टकली झाली?"
बाई अंबाड्यातला आकडा काढतात, पुन्हा खोचतात.
"गोष्टीत ते नाही.
त्या मुलीला आवडलं का, तेही नाही."

बेनिग्नोचं वर्तुळ लांबुळकं.
करायचं होतं पेरूचं फूल,
झालं पोचा आलेलं ताट.
दोनदा उसवलं, एकदा रडला,
मग टोचलेलं बोट चोखत पुढे विणत राहिला.

पुढच्या शनिवारी खळ.
कसाव्याचं पीठ शिजवून, दोऱ्यांवर फासून
चौकटी ओळीनं उन्हात.
वाळलं की मागचं कापड कापून टाकायचं,
उरतो दोरा, आणि दोऱ्यातली भोकं.

एक चौकट अजून ओसरीवर, खांबाला टेकलेली.
रात्रीत तिच्या कोपऱ्यापासून खांबापर्यंत
कुणी टाकलाय एक धागा. मग दुसरा.
मध्ये बारकी, तपकिरी,
पाय आखडून बसलेली ती.

"आण की रे," अरासी ओरडते, "ऊन जाईल!"
बेनिग्नो चौकटीपाशी उकिडवा,
श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडतो.
"थांब," म्हणतो,
"हिचं व्हायचंय."